स्त्रीबीजदान: पैसे कशाचे मोजायचे?

तर्कट:
मूल हवं असलेल्या जोडप्याला स्वतःची बीजं देणाऱ्या दात्रीला पैसे द्यावेत का, यावर रग्गड वाद होतात. कशाचे द्यावेत, यावर फार कमी. माझं मत: द्यावेत, पण बीजं मोजून कधीच नाही. दहा-बारा दिवस रोज बीजं वाढवणारी इंजेक्शनं, मधूनमधून सोनोग्राफी, मग ट्रिगर (बीजं पक्व करणारं शेवटचं इंजेक्शन) आणि ३४ ते ३६ तासांनी भूल देऊन योनिमार्गातून सुईने बीजं काढणं. आठ निघाली काय नि वीस, तिचे कष्ट तेवढेच. नगावर दर लावला की डोस वाढवायचा मोह होतो.

शुभ्रा:
मोबदलाच नको. खर्च, बुडालेला रोजगार, विमा, बस्स. रक्कम मोठी असली की गरजू मुलगी घराण्यातला आनुवंशिक आजार, दानाची आधीची चक्रं (इंजेक्शनांपासून बीजं काढण्यापर्यंतची एकेक फेरी) लपवते. अमेरिकेत एएसआरएमने (वंध्यत्वतज्ज्ञांची संघटना) ५,००० डॉलरच्या वर कारण द्या, १०,००० च्या वर अयोग्य, असं सुचवलं होतं. २०११ मध्ये त्यावर दावा झाला आणि २०१६ च्या तडजोडीत आकडेच काढून टाकले. आता लगाम कोणाचा?

पेट्रीडिश:
तो दावा दात्रींनीच लावला होता, हे सोयीस्कर विसरलात! डॉक्टर, एजन्सी, वकील आपापल्या दराने घेणार, त्याग मात्र सुई टोचून घेणारीने करायचा? ब्रिटनने २०१२ पासून एका चक्राला ७५० पौंड ठरवले (पुढे वाढवले). बीजं कितीही निघोत.

शुभ्रा:
मग भारताचा २०२१ चा कायदा बघा. वय २३ ते ३५, आयुष्यात एकदाच दान, सातपेक्षा जास्त बीजं काढायची नाहीत, विमा सक्तीचा.

पेट्रीडिश:
विमा उत्तम. पण सातच फॉलिकल (बीज वाढतं ती पिशवी) वाढव, असं अंडाशयाला सांगता येतं का? खरी सुरक्षितता प्रोटोकॉलमध्ये आहे. एएमएच (बीजांचा साठा सांगणारी रक्तचाचणी) आणि सोनोग्राफीत दिसणारी छोटी अँट्रल फॉलिकल बघून डोस बेताचा ठेवा, बीजं वेळेआधी सुटू न देणारं अँटॅगोनिस्ट औषध वापरा, ट्रिगरला एचसीजी या संप्रेरकाऐवजी जीएनआरएच अ‍ॅगोनिस्ट हे औषध द्या. दात्रीच्या गर्भाशयात गर्भ सोडायचा नसतो, त्यामुळे हे बिनदिक्कत करता येतं. पोटात पाणी साठणं, रक्ताच्या गुठळ्या होणं, हा तीव्र ओएचएसएस (औषधांना अंडाशयाचा अतिप्रतिसाद) मग जवळपास टळतो. रक्तस्राव, संसर्ग, अंडाशयाला पीळ पडणं हे धोके मात्र थोडेफार उरतातच.

आडवाट:
तुमच्या हिशेबात क्लिनिक कुठेच नाही. दात्रीला ठरावीक रक्कम दिली, तरी एका चक्रातली बीजं दोन-तीन जोडप्यांना वाटता येत असतील तर जास्त बीजांत फायदा कोणाचा? एका दात्रीची बीजं एकाच जोडप्याला, हे भारतीय कायद्याचं कलम मला सातच्या मर्यादेपेक्षा कामाचं वाटतं.

तर्कट:
हे पटलं. आता चक्र अर्ध्यात रद्द झालं तर? पैसे फक्त बीजं काढल्यावर मिळणार असतील, तर ती झपाट्याने वाढलेलं वजन, लागलेली धाप ही ओएचएसएसची लक्षणं सांगणारच नाही. करारात टप्पे हवेत: इंजेक्शन सुरू झाल्यावर काही भाग, ट्रिगर झाला की पूर्ण, मग बीजं शून्य का निघेनात.

शुभ्रा:
टप्पे लावलेत की तो पगारच झाला. आणि चक्रं मोजणार कोण? एएसआरएम एका दात्रीला जास्तीत जास्त सहा म्हणते. क्लिनिकांची एकत्र नोंदवही नसेल तर सातव्या वेळी ती दुसऱ्या दारात उभी.