मैत्रिणीसोबत समुद्राकाठच्या शहरात तीन दिवस: फिरणं आणि विसावा दोन्ही कसं जमवावं?

शिंपला:
पुढच्या महिन्यात मी आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण तीन दिवस समुद्राकाठच्या एका शहरात जाणार आहोत. दोघीच. असा प्रवास याआधी एकदाच केला, नऊ वर्षांपूर्वी, आणि तो मी बिघडवला. सकाळी सातपासून तिला फिरवत होते: किल्ला, संग्रहालय, बाजार, मग किल्ल्याची राहिलेली बाजू. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती वाळूत बसली आणि म्हणाली, "तू जा, मी इथेच आहे." मी खरंच गेले. परत आले तेव्हा अंधार पडला होता. ती तिथेच बसलेली होती. त्या रात्री आम्ही फारसं बोललो नाही.

आता तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला सात महिने झालेत. चालते, पण जिने आणि भुसभुशीत वाळू नको होते. शिवाय ती आठच्या आधी उठत नाही. मला नवं गाव पायाखाली घातल्याशिवाय चैन पडत नाही, तिला नुसतं पाण्याकडे बघत बसायचंय. तिला ओढत न्यायचं नाही हे मी ठरवलंय. पण मी मन मारून शेजारी बसले तर तिला ते लगेच कळेल. तुमच्यापैकी कोणी हे जमवलं असेल तर नेमकं काय केलंत, सांगाल का?

गलबत:
खोली लहान चालेल, पण किनाऱ्याला लागून घ्या. तिला कंटाळा आला की पाच मिनिटांत परत जाता आलं पाहिजे. त्यासाठी तुमची वाट पाहावी लागता कामा नये. आणि संग्रहालयाचा सुटीचा वार आधी बघा, बऱ्याच ठिकाणी तो सोमवार असतो.

दीपमाळ:
शिंपलाताई, मी आणि माझा मित्र अकरा वर्षं दर वर्षी एका नव्या किनाऱ्यावर जातो. त्याला दम्याचा त्रास आहे, त्यामुळे तुमचा प्रश्न मला घरातलाच वाटला.

आम्ही स्थळांची यादी करणं सोडून दिलं. आधी त्या ठिकाणचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक काढतो आणि दिवस त्यावर बेततो. ओहोटीला पाणी मागे सरलं की ओली, घट्ट वाळू उघडी पडते. तुमच्या मैत्रिणीच्या गुडघ्याला तीच सोसेल, फक्त उतरता किनारा टाळा, सपाट बघा. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून ओहोटी रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा ओहोटीला पाणी जास्त मागे सरतं आणि चालायला जास्त जागा मिळते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, तेव्हा फरक कमी. मात्र खडकांवर गेलात तर परतीची वेळ आधी ठरवा. पाणी एकसारखं चढत नाही. सहा तासांतल्या मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मी भरती येते आणि मागची वाट कधी बुडाली ते कळत नाही.

दुपार सरळ विश्रांतीला द्या. जमीन तापली की समुद्रावरून खारे वारे सुटतात, अंगाला गार लागतं, आणि त्या गारव्यात कातडी भाजतेय हे जाणवत नाही. सावलीत बसलात तरी कोरडी वाळू सुमारे १५ टक्के अतिनील किरणं परावर्तित करते, लाटांचा फेस २५ टक्क्यांपर्यंत. माझ्या मित्राचा चेहरा छत्रीखाली बसून सोलवटला होता.

तुमच्या मनातली खरी बोच वेगळी आहे असं मला वाटतं. शेजारी बसायचं म्हणजे तुमचं बघणं थांबलं, असं तुम्ही धरून चाललात. संध्याकाळी दोघी बंदराच्या धक्क्यावर बसा. जहाजाच्या डाव्या अंगाला लाल दिवा असतो, उजव्या अंगाला हिरवा. दोन्ही दिसले तर ते तुमच्याकडे येतंय. एकटा लाल दिसला तर त्याची डावी बाजू तुमच्याकडे आहे. दीपगृहाचा प्रकाश किती सेकंदांनी येतो ते मोजा. आजूबाजूच्या दीपगृहांची लय मुद्दाम वेगळी ठेवलेली असते, खलाशी त्यावरून जागा ओळखतात. आम्ही दोघं यात दोन-दोन तास रमतो. त्याला तर आता माझ्याआधी दिवा दिसतो.

आणि रोज दोन-तीन तास एकमेकींपासून वेगळ्या राहा, पण हे निघण्याआधी बोलून ठरवा. दीपगृहाचे जिने तुम्ही एकट्या चढा. पाण्यालगत उभं राहिल्यावर क्षितिज जेमतेम साडेचार किलोमीटरवर असतं, तीस मीटर उंचीवरून ते जवळजवळ वीसवर जातं. वरून काय दिसलं ते खाली येऊन तिला सांगा. मागच्या वेळी तुम्ही गेलात याचं तिला वाईट वाटलं नसेल. कधी येणार ते न सांगता गेलात, याचं वाटलं असेल.

निळा टॉवेल:
पाण्यात उतरणार असाल तर एक गोष्ट. लाटा फुटतायत आणि मधेच एक पट्टा शांत दिसतोय, तिथे जाऊ नका. बऱ्याचदा तिथूनच पाणी आत ओढत असतं. सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका. तरंगत राहा, हात वर करा, जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर पडा आणि मग परत या. जीवरक्षक असतील तिथेच उतरा.

शिंपला:
दीपमाळ, तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी तिला फोन केला. नऊ वर्षांनी विचारलं. ती म्हणाली, "तू परत येशील की सरळ खोलीवर जाशील, हेच मला कळत नव्हतं." पाऊण तास बोललो.

वेळापत्रक काढलंय. ओहोटी पहिल्या दिवशी सकाळी ६:४०, दुसऱ्या दिवशी ७:३०, तिसऱ्या दिवशी ८:२०. पहिले दोन दिवस मी एकटी जाणार, नऊला परत येणार, आणि ते चिठ्ठीवर लिहून तिच्या उशाशी ठेवणार. तिसऱ्या दिवशी ती म्हणते मला उठव.