हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, पण तोवर युद्ध संपलं होतं ना?

घोडबंदरवाला:
सासरे मूळ कराडचे, राहतात कळव्याला. परवा जेवताना सहज बोलून गेलो की यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीत पोचले तेव्हा चीनचं युद्ध आटोपलंच होतं, मग सह्याद्री धावला म्हणजे नक्की काय केलं? सासरे भरल्या ताटावरून उठायच्या बेतात, बायको अजून धड बोलत नाहीये 😅 खरंच विचारतोय, 12 मार्चच्या जयंतीच्या बॅनरपलीकडे मला काही माहीत नाही.

कोपरखैरणे_कराडकर:
दादा तारखेचं तुमचं बरोबर आहे. आधीचे संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावं लागलं, नेहरूंनी मुंबईतून यशवंतरावांना बोलावलं, इथे कन्नमवार मुख्यमंत्री झाले. यशवंतरावांनी शपथ घेतली 21 नोव्हेंबर 1962 ला आणि त्याच दिवशी चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. पण म्हणून काम संपलं का? हरलेली फौज, चिडलेले अधिकारी, थंडीचे कपडे नाहीत, हे सगळं ह्या माणसाच्या गळ्यात. डोंगरात लढायच्या वेगळ्या डिव्हिजन, सव्वाआठ लाखांची सेना, 1964 पासूनची पाच वर्षांची संरक्षण योजना, हे त्यांच्या काळातलं. आणि सेनापतींच्या कामात ढवळाढवळ नाही, मेनन यांच्यानंतर हेच मोठं होतं. देवराष्ट्रेसारख्या खेड्यात जन्म, वडील लहानपणीच गेलेले, 42 ला भूमिगत, आमच्याकडे अजून म्हाताऱ्या बायका विठाई म्हणून त्यांच्या आईचं नाव काढतात.

नौपाड्याचा_जुना:
62 सोडा हो, 65 बघा. 1 सप्टेंबरला पाकिस्तानचे रणगाडे छांबमध्ये घुसले, अखनूरचा पूल गेला असता तर जम्मूची वाट बंद. संध्याकाळ व्हायला आलेली. विमानदल वापरायचं म्हणजे युद्ध मोठं होणार हे सगळ्यांना कळत होतं, तरी यशवंतरावांनी सगळ्या कॅबिनेटची वाट न बघता विमानदलाचे प्रमुख अर्जनसिंगांना हो म्हटलं. पठाणकोटवरून जुनी व्हॅम्पायर विमानं उडाली, त्यातली चार पहिल्याच दिवशी पडली. हे पण सांगितलं पाहिजे, नुसता जयजयकार नको. पण पूल वाचला. 6 तारखेला आपण लाहोरच्या बाजूने आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडली. तेव्हा मी शाळेत, ठाण्यात रात्री ब्लॅकआउट, खिडक्यांच्या काचांना काळा कागद लावायचो, आई कंदिलाची वात बारीक करायची. त्यांची त्या युद्धातली डायरी पुढे त्यांचे सचिव राम प्रधान यांनी छापून आणली, मिळाली तर वाचाच.

सीवूड्स_४२:
सगळं मान्य पण पुढचं पण लिहा ना, गृह, अर्थ, परराष्ट्र सगळी खाती झाली, 79 ला चरणसिंगांबरोबर उपपंतप्रधान, मग परत इंदिरा गांधींच्या काँग्रेसमध्ये. कुंपणावरचे म्हणून लोक उगाच हसायचे नाहीत.

कोपरखैरणे_कराडकर:
हसले हो, आमच्याकडचे पण हसले. पण प्रश्न संरक्षणमंत्र्याचा होता, 79 चा नाही. आणि नाशिकने लोकसभेवर बिनविरोध पाठवलं ते काय कुंपण बघून?

घोडबंदरवाला:
थँक्यू सगळ्यांना. रविवारी कळव्याला जातोय, 65 पासून सुरू करतो, 21 नोव्हेंबर गिळून टाकतो. मटण वाढेपर्यंत तरी.