मदत हवी आहे : टीडीएस (पगारातून आधीच कापला जाणारा आयकर) कापला गेला, आता रिफंड कसा मिळवू?

मंडळी, मी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत नोकरीला आहे. 2024-25 चा एकूण पगार 7 लाख 20 हजार. एप्रिलमध्ये कंपनीला जुनी करप्रणाली (घरभाड्यासारख्या सवलती मिळणारी) लिहून दिली आणि जानेवारीत त्या सवलतींचे पुरावे द्यायच्या वेळी नेमका वडिलांच्या ऑपरेशनच्या गडबडीत होतो. झालं, 40 हजारांवर टीडीएस गेला! फॉर्म 16 मध्ये (कंपनी देते तो पगार आणि टीडीएसचा दाखला) घरभाड्याची सूट शून्य.

राजारामपुरीत महिना 9 हजार भाडं भरतो. वर्षाचं 1 लाख 8 हजार, म्हणजे लाखाच्या वर, त्यामुळे सूट मागायला घरमालकाचा पॅन लागणार. घरमालक काका चहा पाजतात, मुलासारखं वागवतात, पण पॅन म्हटलं की विषय बदलतात.

आता मेहुणा म्हणतो, "जुनं सोड दाजी, रिटर्न नव्या प्रणालीत भर. 75 हजार प्रमाणित वजावट (पगारदारांना सरसकट मिळणारी) गेली की 6 लाख 45 हजार उरतात, 2024-25 च्या 7 लाखांच्या मर्यादेच्या आत, आयकराच्या कलम 87ए च्या सवलतीने कर शून्य."

कंपनीला जुनी सांगून रिटर्नमध्ये मुदतीत नवी निवडली, असं कुणी केलंय का? फॉर्म 16 शी जुळत नाही म्हणून नोटीस आली का? पैसे किती दिवसांत जमा झाले, तेही सांगा राव.