ऊसतोडीच्या पोरांच्या टोप्या की नणंदेचा बाळंतविडा, दोन्ही कसं जमवता तुम्ही?

सुलट_उलट

नमस्कार मंडळी. विषय विणकामाचा आहे पण खरं तर घरातल्या रुसव्याफुगव्याचा जास्त आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत पाच-सहा जणी दर गुरुवारी दुपारी कुणा एकीच्या घरी बसतो. सुरुवात भिशीची होती, आता भिशी दहा मिनिटांत उरकते आणि पुढचे दोन तास सुया, लोकर आणि चहा. मागच्या हिवाळ्यात आमच्यातल्या एकीच्या माहेरी, शिरोळकडं, ऊसतोडीच्या टोळीतल्या लहान पोरांना आम्ही सगळ्यांनी मिळून १८ टोप्या दिल्या. यंदा मी सगळ्यांच्या समोर मोठ्या तोंडानं सांगून बसले की ४० मी एकटी करते! का बोलले देव जाणे, चहात काय होतं त्या दिवशी. नोव्हेंबरात अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव असतो त्याच्या आसपास द्यायच्यात, तोवर टोळ्या येऊन त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहिलेल्या असतात.

आता घरचं. नणंदेला दिवस गेलेत, पहिलटकरीण आहे, डिसेंबरमधली तारीख आणि बाळंतपणाला इकडंच येणार. म्हणजे बाळंतविडा आमच्याकडून, म्हणजे माझ्याकडून. सासूबाईंची यादी: टोपडं, कुंची, स्वेटर, मोज्यांचे दोन जोड आणि वर मोठी लोकरीची शाल, तीही नक्षीची. धाकट्या दिरांना चेनवाला स्वेटर पाहिजे. भावाला दर भाऊबीजेला मफलर देते ते वेगळंच. त्यात आता नवरात्र तोंडावर आलंय आणि कोल्हापुरात घर असणाऱ्यांना सांगायला नको, अंबाबाईच्या दर्शनाला कोण कुठून येईल नेम नाही, नऊ दिवस घराचं यात्री निवास होतं.

परवा सासूबाई म्हणाल्या, "जगाची पोरं झाकशील आणि घरचं उघडं ठेवशील." लागलं हो ते. तेव्हापासून मी शाळेतल्यासारखं करते, सासूबाई खोलीत आल्या की टोपी उशीखाली आणि टोपडं मांडीवर. काल गडबडीत टोपीचे चार टाके गळले आणि रात्री साडेअकराला सहा ओळी उसवत बसले.

आत्तापर्यंत ७ टोप्या झाल्यात. तुम्ही कसं जमवता? घरच्यांना नाही म्हणता येतं का? का गुरुवारवाल्यांना?

तांबडा_पांढरा

ताई, आधी गणित करू. एक टोपी किती वेळ घेते तुम्हाला, चार तास धरू. राहिल्या ३३, म्हणजे १३२ तास. रोज दीड तास मिळत असेल, जास्त मिळत असेल तर तुमच्या घरी स्वयंपाकाला बाई आहे. अनंत चतुर्दशी होऊन गेली, किरणोत्सवापर्यंत दोन महिनेही नाहीत, त्यातनं नवरात्र आणि दिवाळीचा आठवडा काढा, राहिले फार तर ४५ दिवस. ६७-६८ तास झाले. म्हणजे नुसत्या टोप्या केल्या तरी निम्म्याच होतात, आणि नक्षीची शाल अजून सुईवर चढलेली पण नाही. तुम्ही कसं जमवू विचारताय, जमत नाही हे उत्तर आहे. गुरुवारी जाऊन सरळ सांगा, ४० बोलले, चूक झाली. कुणी फाशी देत नाही.

आता घरच्यांचं. मी तीस वर्षं विणतेय, त्यावरनं सांगते, घरात कोण वापरतं आणि कोण कपाटात ठेवतं याची मनातल्या मनात एक यादी पाहिजे. आमच्या पुतण्याला मी दोन रंगांचा, केबलच्या नक्षीचा मफलर दिला होता, दीड महिना लागला. पुढच्या श्रावणात त्यांच्याकडं गेले तर तो अंगणात मफलरनं ॲक्टिव्हाची सीट पुसत होता. मला बघून म्हणतो कसा, "काकू, पाणी काय मस्त शोषतं हे." त्या दिवसापासून त्याला वाढदिवसाला पाकीट. रागानं नाही, खरंच. त्याला पाकीटच आवडतं.

दिराला रेडिमेड घेऊन द्या. मोठ्या माणसाचा स्वेटर म्हणजे विहीर असते, कितीही टाका, भरत नाही.

आणि एक युक्ती. टोप्यांना लोकर दोन पदरी घ्या आणि सुया जाड, ८ नंबरच्या. १० नंबरवर एकपदरी ११२ टाके लागतात मला, तेच दोन पदरी ८० घालून २ सुलट २ उलट असं आठ इंच सरळ जायचं, मग दोन-दोन टाके जोडत ४०, पुढच्या सुलट सुईला परत जोडत २०, धागा ओवून आवळायचा, मागं शिवण. लोकर जास्त जाते पण वेळ निम्म्याच्या जवळपास येतो, शिवाय जाड होते. हे बिनमोजणीचं काम पर्समध्ये ठेवायचं, केएमटीच्या बसमध्ये, बँकेत, दवाखान्याच्या बाकड्यावर. नक्षीचं काम घरी टेबलाजवळच. दोन्ही एका पिशवीत ठेवलीत तर एकही होत नाही.

ऊसवाला_शिरोळ

मी विणत बिणत नाही, बायकोनं दाखवलं म्हणून लिहितोय. आमच्या रानात दरवर्षी टोळी असते, बीडकडली. त्यामुळं चार गोष्टी सांगतो, राग मानू नका.

पहिली, पांढऱ्या आणि गुलाबी टोप्या देऊ नका. काळ्या रानात दोन दिवसांत वळखू येत न्हाईत. मेंदी, तपकिरी, गडद निळा असलं काढा. दुसरी, ती केसाळ लोकर असते न्हवं, मऊ मऊ, ती अजिबात नको. पाचटाची, म्हंजी उसाच्या वाळक्या पाल्याची कुसळं त्यात अशी बसतात की आईला काढता येत न्हाई आणि पोराला घालवत न्हाई. घट्ट आणि साधं विणा. गोंडा नको, झालर नको. कोपीच्या तोंडाशी चूल असते, पोरं तिथंच शेकत बसतात, आणि आपल्याकडं स्वस्तात मिळती ती लोकर म्हणजे बहुतेक ॲक्रिलिक, ठिणगी पडली की वितळून कातड्याला चिकटतं. खऱ्या लोकरीचं तसं न्हाई, पर ती परवडाय पाहिजे.

तिसरी गोष्ट म्हणजे कान. नुसती टोपी न्हाई, कानटोपी. माणसं पहाटे अंधारात फडात जातात, एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दोघंबी तोडायला, मग पोरगं बांधावर पाचटावर झोपवलेलं असतं. वारं कानात जातं.

आणि चौथी मला जरा टोचलेली. गेल्या साली एका ग्रुपनं येऊन टोप्या वाटल्या, तुमचाच असंल की दुसरा, ठाऊक न्हाई. सगळ्या टोप्या एवढ्या एवढ्या, दोन-तीन वर्षांच्या पोरांच्या. प्रत्येक तान्ह्या पोराला काखेत घेऊन एक पोरगी उभी असते, दहा-बारा वर्षांची, तीच दिवसभर त्याला सांभाळती. आमच्या फडावरच्या पोरीनं भावाला टोपी घातली, गाठ मारली, आणि मग पिशवीत वाकून बघितलं की अजून काय हाय का. काय बोलली न्हाई. मोठ्या मापाच्या चारच द्या पर द्या.

पेठेतली_वहिनी

माझं मत वेगळं आहे, पटलं नाही तर सोडून द्या. टोप्या द्यायच्याच तर विणायच्या कशाला? थंडी सुरू झाली की तिबेटी स्वेटरवाले येतातच, सहा जणींनी पैसे काढा, ठोक भावात ४० कानटोप्या घ्या, एका दुपारचं काम. पोरांना ऊब मिळाल्याशी कारण, कुणाच्या हातची आहे त्यांना काय करायचंय.

घरचं मात्र विकत मिळत नाही. आमच्याकडं आजेसासूबाईंच्या हातची कुंची आहे, माझे मिस्टर, मग दोन्ही पोरं, आणि आता नात, सगळ्यांचं बारसं त्याच कुंचीत झालं. एका बाजूची किनार विरलीय, तिथं मी क्रोशाची घातली. ही गोष्ट दुकानात कुठं मिळणार? तुमच्या सासूबाई टोचून बोलल्या हे खरं पण त्यांचा मुद्दा चुकीचा नाही.

सुलट_उलट

वहिनी, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही बघा. रेडिमेडचं आम्ही बोललो होतो, हिशोबात तेच बसतं. पण खरं सांगू का, मला विणायचं असतं. टोप्या हे निमित्त आहे. गुरुवारचे दोन तास मी कुणाची सून नसते, कुणाची आई नसते, आणि हातात काहीतरी होत असतं. हे सासूबाईंना कसं सांगायचं? सेवा म्हटलं की निदान ऐकून तरी घेतात.

ऊसवाला दादा, तो ग्रुप आमचाच असणार बहुतेक. १८ च्या १८ टोप्या लहान होत्या. कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

निवृत्त_सिस्टर

मी बाळंतिणींच्या वॉर्डात नोकरी केलेली, त्यामुळं बाळंतविड्याबद्दल बोलते, बाकीचं तुम्ही बघा.

डिसेंबरचं बाळ आहे तर डोकं आणि पाय झाकणं महत्त्वाचं, बाळाच्या अंगाच्या मानानं डोकं मोठं असतं आणि उष्णता तिथनं बरीच जाते. कमी वजनाच्या बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगानं ठेवतात ती कांगारू पद्धत, १९७८ साली कोलंबियात बोगोटाला सुरू झाली, त्यात बाळाच्या अंगावर लंगोट सोडला तर टोपी आणि मोजे एवढंच असतं. म्हणजे यादीतल्या दोनच वस्तूंची खरी गरज आहे. त्या आधी करा. पूर्ण दिवसांच्या बाळाचं डोकं साधारण ३५ सेंमी, टोपडं त्याहून थोडं कमी ठेवा, ताणतं.

मोज्यांना जाळीची नक्षी नको, आणि आतून सुटे धागे अजिबात नकोत. इवलं बोट त्यात अडकून धागा गुंडाळला जातो आणि बाळ का रडतंय कळत नाही, मोजा काढल्यावर बोट निळं पडलेलं दिसतं. पाहिलंय मी. टोपड्याला गळ्याशी नाडी नको. हे ऐकून आज्या नाराज होतात, बिननाडीचं टोपडं म्हणजे काय टोपडं! तर बारशाच्या फोटोपुरती नाडी ओवायची आणि लगेच काढायची.

अजून एक, हे मी प्रत्येक घरात सांगते. आधी विणून ठेवलेले कपडे ट्रंकेत ठेवताना डांबरगोळ्या घालू नका. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी म्हणून एक घटक जन्मतः कमी असतो, अशा बाळांना त्या वासाच्या कपड्यांनी रक्तपेशी फुटून जोराची कावीळ होऊ शकते, आणि कुठल्या बाळाला तो कमी आहे हे आधी कुणाला माहीत असतं? ईझीसारख्या लोकरीच्या साबणानं धुवायचं, कडक उन्हात वाळवायचं, सुती पिशवीत ठेवायचं. वहिनींची कुंची पण घालायच्या आधी धुऊन घ्या.

आणि शाल कशाला? लोकर बाळाच्या अंगाला थेट लावायचीच नाही. घरात मऊ झालेलं जुनं सुती पातळ असेल तर त्याची दुपटी शिवा. ते काम मशीनवर सासूबाई करतील. करतील काय, त्यांनाच करायचं असतं, विचारून बघा.

तांबडा_पांढरा

सिस्टरांना शंभर टक्के. आणि सुलट_उलट, उशीखाली लपवणं बंद करा, सुई मोडेल नाहीतर टोचेल.

सुलट_उलट

नवरात्र आटोपलं, म्हणून आत्ता लिहायला वेळ मिळाला. एकूण १४ पाहुणे, त्यातले पाच न कळवता.

गुरुवारी जाऊन कबूल केलं की माझ्याकडून १६ च होतील. एक जण म्हणाली, "आम्हाला ४० ऐकल्यावरच कळलं होतं." मग आधी का नाही बोललीस बाई! वहिनींचं अर्धं ऐकलं, लहान मापाच्या २० कानटोप्या पैसे काढून विकत घेणार आणि आम्ही विणायच्या त्या मोठ्या मापाच्या, कारण त्याच कुणी देत नाही. भावाला फोन करून सांगितलं यंदा मफलर नाही, तर म्हणाला, "बरं झालं, तीन घडी न मोडलेले आहेत." इतकी वर्षं बोलला नाही. दीर अजून रुसलेत, रुसू देत.

सासूबाईंना पातळाचं विचारायला गेले तर त्या उठून माळ्यावरची ट्रंक उघडून बसल्या. त्यांच्या सासूबाईंचं नऊवारी निघालं, अंजिरी रंगाचं, इतकं मऊ की हातातनं निसटतं. आणि हो, ट्रंकेत डांबरगोळ्या होत्याच, ओंजळभर. दोनदा धुऊन गच्चीवर टाकलंय, वास अजून आहे, तिसऱ्यांदा धुणार. नाडीवरनं वाद चालू आहे. शालीचं नाव त्यांनी काढलेलं नाही, मी पण काढत नाही.

काल माझ्या हातात मेंदी रंगाची टोपी होती, उघड्यावर, मांडीवर. सासूबाईंनी उचलली, ताणून बघितली आणि म्हणाल्या, "ही कुणाची, एवढी मोठी?" मी त्या पोरीचं सांगितलं. काही बोलल्या नाहीत, टोपी परत ठेवली. संध्याकाळी बघते तर गुंड्याची गुंतलेली लोकर सोडवून नीट गुंडाळून ठेवलेली.

तर आता एवढंच सांगा, दहा-बारा वर्षांच्या पोरीला दोन पदरी ८ नंबरवर किती टाके घालू? वेणी असते, आणि कान झाकले पाहिजेत.

तांबडा_पांढरा

८८ घाला, आठ इंचांऐवजी साडेनऊ विणा म्हणजे कानावर दुमडता येईल. मागची शिवण खाली दोन इंच उघडी ठेवा, वेणी तिथनं बाहेर येते.

ऊसवाला_शिरोळ

आमची टोळी दिवाळी झाल्यावर चार दिवसांनी येणार म्हणून मुकादमाचा फोन होता. आली की कळवतो. मोठ्या पोरी किती हायत ते मोजून सांगतो, मग त्याप्रमाणं घाला टाके.