'परिक्षा' शोधणाऱ्या मुलाला कोशाने काय द्यावं?

पंचवटीकर : आम्ही नाशिकमधले काही शिक्षक शाळकरी मुलांसाठी शब्दकोश करतोय. 'परिक्षा', 'क्रिडा', 'आशिर्वाद', 'हार्दीक' अशी सर्रास लिहिली जाणारी अशुद्ध रूपं त्यात घ्यावीत का, यावर घोडं अडलंय. माझ्या मते घ्यावीत. अर्थ नको, फक्त 'परीक्षा पाहा' एवढंच. छापील कोशात 'परि'चे सगळे शब्द संपल्यावर 'परी' येते. मूल परिक्रमा, परिघ, परिचय चाळतं, शब्द सापडत नाही, कोश मिटतं. ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठीच तर कोश असतो!

गोदाकाठ : ठाम विरोध. कोशात छापलं ते बरोबर, असंच लोक मानतात. पुढे काहीही सूचना लिहा, डोळ्यांत चुकीचं रूपच बसणार. उद्या हीच मुलं तलाठी भरतीला बसतील आणि 'शुद्ध शब्द ओळखा'ला अडखळतील. शिवाय फलकांवर 'महाराष्ट्र दीन' असतो. दीन म्हणजे गरीब, तो शब्द कोशात आहेच. तिथे काय करणार?

सिडकोची ताई : १९६२च्या शुद्धलेखन-नियमांआधी 'नांव', 'कांहीं', 'कवि' हेच शुद्ध होतं. आज तसं लिहिलं तर गुण कापतात.

गोदाकाठ : ताई, ते साहित्य महामंडळाने विचार करून ठरवलं, शासनाने स्वीकारलं. चूक वाढली म्हणून मान्य केली, असं झालेलं नाही.

जुना मुद्रितशोधक : या चुका निष्काळजीपणाच्या नाहीत, हे आधी मान्य करा. मराठी शब्दाचा शेवट दीर्घ असेल तर त्याआधीचा इकार ऱ्हस्व : किडा, विळा, महिना. मूल तोच नियम लावून 'क्रिडा' लिहितं. शब्द अकारान्त असेल तर आधीचा इकार दीर्घ : गरीब, वकील. म्हणून 'हार्दीक'. अडचण एवढीच की हे शब्द तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले आहेत आणि तत्सम शब्द संस्कृतप्रमाणे लिहायचे असतात. कोणता शब्द तत्सम, हे बारा वर्षांच्या मुलाला कोण सांगणार? उच्चारात तर 'परि' आणि 'परी' बहुतेकांना सारखेच ऐकू येतात. म्हणून नोंद घ्याच, पण नुसतं 'पाहा' नको. 'तत्सम, म्हणून री दीर्घ' एवढं तरी लिहा. 'मतितार्थ' घेतलात तर 'मथित म्हणजे घुसळलेला, त्यातून निघालेला अर्थ तो मथितार्थ' हेही सांगा.

गोदाकाठ : कारण देणार असाल तर निदान परिशिष्टात टाका. मुख्य कोशात नको.

पंचवटीकर : सर, परिशिष्ट मुलं उघडत नाहीत. शब्द जिथे शोधतात तिथेच सापडायला हवा. 'दीन'चा तुमचा मुद्दा मात्र बिनतोड आहे. तिथे वेगळी नोंद न करता अर्थाखालीच 'दिवस या अर्थी : दिन' अशी ओळ घालू.

गोदाकाठ : 'दीन'ला हरकत नाही. 'परिक्षा'ला आहे, आणि राहील.