देवमाशाचे चित्र जिवंत का वाटत नाही?

सागरवेडी: शाळेत असल्यापासून मला देवमाशांचे विलक्षण आकर्षण आहे आणि निवृत्तीनंतर जलरंग शिकायला घेतले तेही त्यांची चित्रे काढता यावीत म्हणूनच. हंपबॅक या लांब परांच्या देवमाशाची बाह्यरेषा आता बऱ्यापैकी जमते. परंतु रंग भरले की तो पोहणारा प्राणी न वाटता निळ्या कागदावर चिकटवलेला करडा तुकडा वाटतो. संदर्भासाठी मी प्रामुख्याने आपल्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या देवमाशांची छायाचित्रे वापरते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

कुंचला: दोष संदर्भांत आहे. २०१५ साली रेवदंड्याला किंवा २०१६ साली जुहूला आलेल्या देवमाशांची छायाचित्रे पोहणारा देह दाखवत नाहीत, कारण पाण्याचा आधार सुटला की देह स्वतःच्याच वजनाने पसरतो आणि मृत्यूनंतर आत वायू साठून गळा फुगतो. एरवी पोहताना गळ्याखालच्या घड्या मिटलेल्या असतात व शरीर सडसडीत दिसते. हा घोटाळा जुनाच आहे. १५९८ साली हॉलंडच्या किनाऱ्यावर आलेल्या देवमाशाच्या, डच चित्रकार गोल्त्सियसच्या चित्रावरून केलेल्या छापचित्रात पुढचा पर (वल्ह्यासारखा अवयव) डोळ्याच्या इतका जवळ आहे की तो कानच वाटतो. पुढे १६०१ मध्ये इटलीतील अंकोना येथे आलेल्या देवमाशाचे म्हणून जे चित्र छापले गेले, ते याचीच नक्कल होते, कानासकट!

ओला कागद: वरील मताशी सहमत; मात्र रंगाचाही प्रश्न आहेच. पाणी तांबडा प्रकाश सर्वांत आधी शोषून घेते, त्यामुळे काही मीटर खोलीवरच देहावरच्या उबदार छटा नाहीशा होतात. समुद्र आणि देवमासा यांसाठी वेगवेगळे रंग न घेता अल्ट्रामरीन (गडद निळा) व किंचित बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांचे एकच मिश्रण वापरावे, आणि कागद ओला असतानाच देहाचा गडद थर द्यावा, म्हणजे पोटाची व शेपटीची कड पाण्यात विरघळेल. धारदार कड केवळ जवळच्या परालाच ठेवावी. पराची पांढरी बाजू कोरी न सोडता तिच्यावर निळसर हिरव्या रंगाचा पातळ हात द्यावा.

लंडनकर: माझ्या मते रंगाआधी कणा. येथील नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये २०१७ पासून निळ्या देवमाशाचा सुमारे २५ मीटर लांबीचा सांगाडा सूर मारण्याच्या पवित्र्यात टांगलेला आहे. त्याची रेखाटने करताना कण्याची वर-खाली होणारी लय हाताला कळते. माशाची शेपटी डावी-उजवीकडे हलते, देवमाशाची मात्र वर-खाली, आणि नवशिके नेमके हेच विसरतात. आणखी एक गोष्ट म्हणजे हंपबॅकच्या शेपटीच्या खालच्या बाजूचे काळे-पांढरे डाग प्रत्येक प्राण्याचे वेगळे असतात व अभ्यासक त्यांवरूनच तो ओळखतात. तेव्हा दोन छायाचित्रांतले डाग एकाच शेपटीवर मिसळू नयेत.

सागरवेडी: आभार. अरबी समुद्रातले हंपबॅक इतरांप्रमाणे लांबचे स्थलांतर न करता याच समुद्रात राहतात असे वाचले आहे. त्यामुळे आता ओमानजवळ पाण्याखाली घेतलेली छायाचित्रे शोधते आणि आधी नुसते कणेच रेखाटते.