मदत हवी आहे: किल्ल्याचा 'पाडाव' की 'पतन'?

नमस्कार मंडळी, आम्ही नाशिकचे काही जण पावसाळा संपला की शाळेतल्या पोरांना जिल्ह्यातल्या किल्ल्यांवर नेतो, यंदा त्यांच्या हातात द्यायला दोन पानी माहितीपत्रक करतोय आणि सगळं एका शब्दावर अडलंय. विषय १८१८ चा, इंग्रजांनी इकडचे किल्ले घेतले तो. मी लिहिलं 'मालेगावच्या किल्ल्याचा पाडाव'. ग्रुपमधल्या एका काकांनी खोडून 'पतन' केलं, म्हणे पाडाव माणसाचा होतो नाहीतर फौजेचा, किल्ल्याचं पतनच. मला तर पतन वाचलं की कोणीतरी दारूच्या नादी लागलंय असं वाटतं, नाहीतर पेपरातलं सरकार.

बरं सगळे किल्ले एकाच तऱ्हेने गेले असंही नाही. चांदवडजवळचा राजधेर एप्रिलमध्ये पडला, मग आजूबाजूचे बरेच किल्ले फारसं न लढताच हवाली झाले. मालेगावच्या अरब शिबंदीने मात्र मे-जूनमध्ये जवळपास महिनाभर झुंजवलं, दारूचं कोठार उडालं तेव्हा कुठे बोलणी होऊन किल्ला दिला. मग बोलणी करून दिला त्याला पाडाव म्हणायचं का? 'ऱ्हास' नको, तो हळूहळू होतो, पेशवाईला चालेल एकवेळ. 'पीछेहाट' सुचवणाऱ्याला विचारलं, किल्ला मागे हटणार कुठे?

शिवाय बखरींत 'घोडे पाडाव केले' येतं, तिथे अर्थ पकडून आणले असा दिसतो. जाणकारांनी सांगा प्लीज, प्रिंटिंगला द्यायचंय.

प्रतिसाद: पाडावाला करणारा लागतो. 'इंग्रजांनी पाडाव केला' म्हणतो आपण, 'पतन केलं' कोणी म्हणत नाही, ते आपलं आपण होतं. मालेगावला पाडावच लिहा, शेवटी बोलणी झाली तरी आधी तोफा लावून जेरीस आणलंच होतं की. बाकीच्यांना 'किल्ला खाली करून दिला', जुनीच भाषा आहे.

प्रतिसाद: फक्त 'पडाव' छापू नका, पोरं हिंदीतला मुक्काम समजतील 😄

धागाकर्ता: 'खाली करून दिला' एकदम फिट, काकांनाही पटलं. आता 'शिबंदी' आठवीच्या पोरांना कळेल का, की 'किल्ल्यावरचे सैनिक' लिहू?